हसऱ्या कोळ्याच्या डोळ्यांत

आपले वडील तरुणपणी काम करताना कसे दिसायचे हे रेवती चिकोडेला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही बोलिव्हियातल्या एका पाववालीच्या डोळ्यांतून.

पडद्यावर आधी नुसता करडा धूर होता. मग त्यातून एक दार वर आलं, दारापाशी ओळीनं उभी असलेली चार पोरं, त्यातलं एक जीभ बाहेर काढून वेडावणारं. आणि मधोमध, छातीशी धरलेल्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघणारा एक सडपातळ माणूस. कपाळावर आलेली बट, काळ्याभोर मिशा. रेवतीला सवय होती ती पांढऱ्या मिशांची.

"अण्णा," ती पडद्याकडे बघून चक्क मोठ्यांदा म्हणाली.

शेजारी उभ्या असलेल्या डॉ. फरीदा मुजावर हसल्या. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, आणि हे तंत्रही मुळात त्यांचंच. "म्हणजे जमलं," त्या म्हणाल्या.

तंत्र समजायला अवघड नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो म्हणजे एक इवलासा फुगीर आरसा. गाडीच्या बाजूच्या आरशात मागचा अख्खा रस्ता मावतो, तसं या आरशात माणसाच्या समोरचं जवळजवळ सगळं जग मावलेलं असतं. चेहऱ्याचा फोटो काढला की ते प्रतिबिंबही फोटोत जातं. पण ते ज्वारीच्या दाण्याएवढं असतं आणि त्याच्या खालून बुबुळाची रंगीत नक्षी डोकावत असते, म्हणून इतकी वर्षं त्यातून एखादी खिडकी आणि एक काळा ठिपका यापलीकडे कुणाला काही वाचता आलं नव्हतं.

मुजावर मॅडमनी विचार केला तो असा. डोळे दोन, म्हणजे आरसे दोन, आणि दोन्हींत तेच दृश्य जरा वेगळ्या कोनातून. जुन्या मोठ्या फिल्मच्या एका रोलवर दहा फ्रेम असतात. माणूस कितीही स्थिर बसला तरी केसभर हलतोच, त्यामुळे दर फ्रेमला प्रतिबिंब फिल्मच्या वेगळ्या कणांवर पडतं. एकट्या साक्षीदारानं अर्धवटच पाहिलेलं असतं, पण असे वीस साक्षीदार एकमेकांशी ताडून बघितले की घटना उभी राहते. यंत्र नेमकं तेच करायचं. त्याला एकच गोष्ट सक्त मना होती, ती म्हणजे कल्पना करणं. जे दोन्ही डोळ्यांत आणि किमान चार फ्रेममध्ये सापडणार नाही, ती जागा काळी सोडायची. मॅडम म्हणायच्या, "काळं दिसलं तर चालेल. खोटं दिसता कामा नये."

हे सगळं अण्णांच्या कामावर वापरायची कल्पना युरोपातल्या एका मोठ्या संग्रहालयाची होती. दिगंबर चिकोडे हे नाव मिरजेत फार जणांना ठाऊक नव्हतं, पण बाहेर होतं. मिरजेतला छोटा स्टुडिओ धाकट्या भावाच्या हवाली करून हा माणूस सतरा वर्षं जगभर हिंडला होता. न्हावी, कबर खणणारे, शाळामास्तर, घड्याळं दुरुस्त करणारी बाई, अशा दोनशे चौदा साध्या माणसांचे चेहरे त्यानं टिपले, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली त्या माणसाची त्याच्याच शब्दांतली चार ओळींची गोष्ट. आता, २०४१ साली, त्या संग्रहाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक फोटोशेजारी दुसरा फोटो लागणार होता, त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होतं, याचा. प्रतिमा दुरुस्त करणं हेच रेवतीचं काम. त्यामुळे वडिलांचे डोळे, म्हणजे वडिलांनी टिपलेले डोळे, तिच्याच वाट्याला आले.

पहिल्या वीस चित्रांचे प्रिंट घेऊन ती मिरजेला गेली तेव्हा अण्णा लहान मुलासारखे खूश झाले. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून किल्ला भागातल्या त्या घरात ते एकटेच राहत. भिंतीभर त्यांचीच माणसं टांगलेली.

"हा कुत्रा बघ की गं! हा माझ्या पायाशी बसलाय आणि मला पत्ताच नाही. आणि ही बघ, ही त्या पाववालीची सासू. चांगली ओरडत होती मागनं."

"पुढच्या आठवड्यात हसऱ्या कोळ्याचं करायला घेते," रेवती म्हणाली. "प्रदर्शनाच्या पोस्टरवर तोच आहे."

अण्णांनी प्रिंट खाली ठेवले. "त्याचं राहू दे. ते निगेटिव्ह खराब झालंय."

"खराब म्हणजे?"

"बुरशी आलीय त्याला. वेळ घालवू नकोस."

हसरा कोळी म्हणजे अण्णांचा सगळ्यांत गाजलेला फोटो. १९९८ साली, पूर्वेकडच्या समुद्रातल्या सेरांगा नावाच्या ठिपक्याएवढ्या बेटावर काढलेला. विशी ओलांडलेला उघडा तरुण, खारानं पांढरे पडलेले खांदे आणि तोंडभर हसू. खाली त्याची गोष्ट: 'समुद्र माझी आई आहे. आईच्या मांडीवरून उठून कोण घरी जाईल?' हे वाक्य शुभेच्छापत्रांवर छापलं गेलं होतं, लग्नांत वाचलं गेलं होतं. रेवतीनं स्वतः शाळेच्या वहीत ते लिहून ठेवलं होतं.

निगेटिव्ह प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात होतं. तिनं ते उजेडावर धरलं. बुरशीचा ठिपकाही नव्हता. दहाच्या दहा फ्रेम काल धुतल्यासारख्या.

यंत्राला पाच तास लागले. दुपारच्या चहानंतर तिनं चित्र उघडलं.

समोर अण्णा, नेहमीसारखे वाकलेले. त्यांच्या डावीकडे हात कमरेवर ठेवून उभा असलेला एक जाडजूड माणूस, मनगटाला दोरीनं अडकवलेला दंडुका. मागे पत्र्याची शेड. आणि अण्णांच्या उजव्या खांद्यामागे उभ्या रेषा, सारख्या अंतरावर. रेवतीला आधी वाटलं, कुंपण असेल. तिनं तो भाग मोठा केला. रेषांना वर छप्पर होतं, ते माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. आत कोणीतरी उकिडवं बसलं होतं. अर्धं शरीर अण्णांच्या खांद्याआड गेलेलं. उरलेला अर्धा चेहरा आणि एक हात दिसत होता. हातानं गज धरला होता.

तिनं मुजावर मॅडमना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली, आकडे तपासले, एकेक फ्रेम स्वतः उघडून बघितली.

"चूक असू शकते का?" रेवतीनं विचारलं.

"दहाही फ्रेममध्ये आहे. दोन्ही डोळ्यांत." मॅडमनी चष्मा काढला. "तुझ्या वडिलांना माहीत होतं?"

"त्यांची पाठ होती तिकडे," रेवती म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरजेला पोचली तेव्हा अण्णा भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. तिनं प्रिंट त्या वर्तमानपत्रावर ठेवला. त्यांनी भिंग उचललं नाही. बघायची गरजच नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"बुरशी नव्हती, अण्णा."

त्यांनी प्रिंट हळूच बाजूला सारला.

"कोण आहे हा?"

"तो दंडुकेवाला मुकादम म्हणाला चोर आहे." अण्णांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "दारू पिऊन मारामारी करतात म्हणाला, म्हणून दोन दिवस आत ठेवतो. तोच दुभाष्या होता ना माझा."

"आणि तुम्हाला पटलं?"

"पटवून घेतलं."

रेवतीनं रागानं प्रिंट उचलला. तिनं विचारलं, "टेप कुठाय?" अण्णा प्रत्येक माणसाचं बोलणं कॅसेटवर घेत असत, भाषा कळो न कळो, हे तिला माहीत होतं.

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. कॅसेट सापडली. त्यांचा जुना टेपरेकॉर्डर अजून चालत होता. रेवतीनं भाषांतराची डबी त्याच्या शेजारी ठेवली. पानाच्या चंचीएवढी ही डबी हल्ली प्रवासाला निघालेल्या कुणाच्याही खिशात असते. समोर कुठलीही भाषा बोलली गेली की ती ओळखून लगेच आपल्या भाषेत सांगते. त्रेचाळीस वर्षांत ही कॅसेट अशा डबीसमोर कुणी वाजवली नव्हती.

आधी लाटांचा आवाज आला. मग एका तरुणाचा घाईघाईचा, पण वरकरणी आनंदी सूर. डबीला भाषा ओळखायला दोन क्षण लागले. बर्मी. मग तिच्या त्या मऊ, निर्विकार बायकी आवाजात मराठी शब्द येऊ लागले.

"माझं नाव मिन थू. गाव थानबिन, मॉलम्याइनच्या दक्षिणेला. आम्हाला कारखान्यात काम देतो म्हणून आणलं. आम्ही इथे आमच्या मर्जीनं नाही. तुमच्या मागे पिंजऱ्यात माझा मोठा भाऊ आहे, चॉ मो. आज चौथा दिवस. या माणसाला आमची भाषा कळत नाही, हा तुम्हाला भलतंच सांगेल. मी हसतोय, कारण तो माझ्या तोंडाकडे बघतोय. गावात सांगा. कुणालाही सांगा. तुम्ही पुन्हा एकदा मागे बघा."

मग मुकादमाचं हसणं, आणि त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी: समुद्र माझी आई आहे. आईच्या मांडीवरून उठून कोण घरी जाईल?

आणि त्यावर अण्णांचा स्वतःचा, तरुण, भारावलेला आवाज: "ब्यूटिफुल."

रेवतीनं टेप बंद केला. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी दारावरून वाहत गेलं.

"भाषा कळत नव्हती मला," अण्णा म्हणाले.

"माहीत आहे."

"पण मी मागे बघितलं होतं, रेवू."

तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"फोटोच्या आधी. तिथं गेल्या गेल्याच दिसला तो पिंजरा. त्या माणसाची आणि माझी नजरानजर झाली. मग मी विचार केला, हे फ्रेममध्ये यायला नको. म्हणून त्या पोराला उलटं बसवलं, पिंजऱ्याकडे तोंड करून. पाठीमागे नुसता समुद्र आला." त्यांनी हात वर करून हवेतच फ्रेम धरली, सवयीनं, आणि मग ते हात त्यांना खाली घेता येईनात. "उजेड फार चांगला होता गं. बोट सुटायला पंधरा मिनिटं होती. म्हटलं, आधी फोटो, मग विचारू. मग बोट सुटली."

"आणि घरी आल्यावर? इतकी वर्षं?"

"घरी आल्यावर फोटो धुतला. तो हसत होता. वाटलं, हसतोय म्हणजे एवढं काही नसेल."

रेवतीनं कॅसेट पर्समध्ये टाकली. "मी संग्रहालयाला कळवणार आहे."

"मी गेल्यावर कळव. फार दिवस नाही लागायचे."

"आणि तो मिन थू तुमच्या आधी गेला तर?"

ती जेवायलाही थांबली नाही.

संग्रहालयाला तिनं दोन दिवसांनी पत्र पाठवलं. ते लिहिताना तिला सारखं वाटत होतं की आपण वडिलांच्या ताटाखालचा पाट ओढतोय. संग्रहालयानं पोस्टर मागे घेतलं, फोटो तूर्त प्रदर्शनातून काढला आणि पुढे काय करायचं ते त्या कोळ्याला विचारून ठरवू, असं कळवलं. तो माणूस असलाच तर.

आठ दिवसांनी अण्णांचा फोन आला.

"सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून लावलेत मी," ते म्हणाले. "तरी उपयोग नाही. दूध घालायला सुनंदा येते ना, तिच्याशी बोलताना तिच्या डोळ्यांत मी दिसतो. वाकलेला. दाढी करणाऱ्या पोराच्या डोळ्यांतही दिसतो. मी आता कुणाच्या तोंडाकडे बघतच नाही."

"डॉक्टरांकडे जाऊन या, अण्णा."

"डॉक्टरांच्या डोळ्यांतही असेनच की. उरलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांतही बघ, रेवू. मी न बघितलेलं आणखी काही असेल. आणि त्या पोराला शोध."

रेवतीनं मग एकही डोळा सोडला नाही. पाच आठवडे तिला दुसरं काम नव्हतं. बहुतेकांच्या समोर जगात सगळीकडे असतं तेच होतं: वाळत घातलेले कपडे, कोंबड्या, उत्सुक शेजारी, भिंतीवर चढून बघणारी मुलं. पण सात जणांच्या डोळ्यांत असं कुणीतरी उभं होतं की ज्याच्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. एका हसऱ्या नवरीच्या समोर तिचा नवरा होता, हातात पट्टा दुमडून धरलेला. तिच्या गोष्टीत ती म्हणाली होती, मी सुखी आहे. या सातही जणांच्या कॅसेट रेवतीनं ऐकल्या, आणि सातही जणांचा शोध घ्यायला संग्रहालयाला सांगितलं. ती घरी जाई तेव्हा नवरा जेवायला वाढत विचारायचा, "आज कोण होतं?" पहिले काही दिवस तिनं सांगितलं. मग सांगणं बंद केलं. नंतर नंतर तिच्या लक्षात आलं की नवरा बोलत असताना तीही त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळतेय.

मिन थूचा शोध मात्र अनपेक्षित सोपा निघाला. गावाचं नाव टेपवर होतं. थानबिनच्या बौद्ध मठात एक फोन होता. तिथल्या भिक्षूंनी निरोप घेतला आणि तीन आठवड्यांनी उत्तर दिलं: मिन थू आहे. अकरा वर्षांनी बेटावरून सुटून परत आला. भाऊ परत आला नाही. तुम्हाला यायचं असेल तर तो म्हणतो, या.

एकोणऐंशी वर्षांच्या अण्णांना विमानात बसवू नका, असं सगळ्यांनी सांगितलं. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. कॅमेरा मात्र त्यांनी बरोबर घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्याच्याशिवाय परदेशात निघाले होते, आणि विमानतळावर त्यांचा हात सारखा छातीशी जात होता.

थानबिन गाव रबराच्या झाडीत लपलेलं होतं. मिन थूचं घर लाकडी, जमिनीपासून चार पायऱ्या वर. तो पायरीवर उभा होता. चौसष्ट वर्षांचा काटक माणूस, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. शेजारी त्याची पुतणी सू सू, चॉ मोची मुलगी, वय त्रेचाळीस. वडिलांना बेटावर नेलं तेव्हा ती आईच्या पोटात होती.

चटईवर सगळे बसले. रेवतीनं डबी मध्ये ठेवली. पाणी आलं, गुळाचे खडे आले. मग अण्णांनी घरून लिहून आणलेला कागद काढला, उलगडला, आणि न वाचताच परत घडी घातला.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले. "पिंजरा बघितला होता. मला माहीत होतं."

डबीनं ते बर्मीत सांगितलं. मिन थूनं मान हलवली आणि सावकाश बोलू लागला. डबीच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता, त्यामुळे रेवतीला ते ऐकणं जास्तच जड गेलं.

"मलाही माहीत होतं. तुम्ही वळून बघितलंत ते मी पाहिलं होतं. म्हणून तर मी बोललो. न बघणाऱ्याला सांगून काय उपयोग? मला वाटलं, यानं बघितलंय, हा कुणाला तरी सांगेल, ती टेप ऐकवेल. पहिलं वर्षभर बोट आली की आम्ही दोघं बघायचो, पोलीस आलेत का. नंतर चॉ मो गेला. जाळं ओढताना गेला, वादळात. मग मी एकटाच बघायचो."

अण्णांनी हात जोडले. ते जोडलेलेच राहिले. मिन थूनं त्यांच्याकडे काही क्षण बघितलं आणि मग नजर रेवतीकडे वळवली, एखादं काम संपवून दुसरं हाती घ्यावं तशी.

"माझा फोटो बघू."

त्यानं तो कधीच बघितला नव्हता. जगातल्या लाखो माणसांनी बघितला होता, त्यानं नाही. रेवतीनं हसऱ्या कोळ्याचा प्रिंट पुढे केला. तो बराच वेळ बघत राहिला.

"दात चांगले होते माझे," तो म्हणाला.

मग रेवतीनं विचारलं, हा फोटो आम्ही कायमचा काढून टाकू का? त्यानं विचार केला. "नको. राहू दे. खाली मी बोललो होतो तेच लिहा. सगळं लिहा. भावाचं नाव लिहा." आणि मग तो पुढे सरकला. "भिक्षू म्हणाले, माझ्या डोळ्यांतून काढलेलं दुसरं चित्र आहे. त्यात चॉ मो आहे. खरं का?"

"आहे. पण अर्धाच. आणि अस्पष्ट."

"आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. ओळखपत्रावर एक होता, ते दलालानं काढून घेतलं. आई मरेपर्यंत विचारायची, तो शेवटी कसा दिसायचा ते सांग. मी सांगायचो. पण मलाही आता नीट आठवत नाही." तो सू सूकडे बघून म्हणाला, "हिनं तर बघितलेलाच नाही."

रेवतीनं मोठा प्रिंट काढला आणि सू सूच्या मांडीवर ठेवला.

सू सूनं लुंगीला हात पुसले. प्रिंटवर वाकली. तिचा श्वास जलद झालेला रेवतीला ऐकू येत होता. चित्राच्या मधोमध एक सडपातळ, देखणा माणूस होता, कपाळावर बट आलेला. चित्रात सगळ्यांत ठळक तोच होता. सू सूनं हळूच बोट पुढे केलं आणि त्याच्या गालावर टेकवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ती काहीतरी म्हणाली.

"किती तरुण आहेत बाबा," डबीनं सांगितलं.

अण्णांनी मान फिरवली. मिन थूनं आपल्या तीन बोटांच्या हातानं पुतणीचं बोट धरलं, उचललं, आणि दोन इंच बाजूला, त्या उभ्या रेषांवर नेऊन ठेवलं.

सू सूला कळायला वेळ लागला. मग तिनं त्या अर्ध्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. जिथं चेहरा खांद्याआड जात होता तिथं ते थांबलं.

रेवतीला राहवेना. "दुसऱ्या एका यंत्रानं मधला माणूस काढून टाकता येतो," ती म्हणाली. "त्याच्या जागी तुमच्या वडिलांचा उरलेला चेहरा, दुसरा हात, सगळं भरता येतं. पूर्ण चित्र होईल. मी करून देईन. फक्त... ते भरलेलं खरं नसेल. यंत्रानं अंदाजानं काढलेलं असेल."

काका आणि पुतणी एकमेकांशी हळू आवाजात बोलले. डबीला ते नीट ऐकू गेलं नसावं, कारण ती गप्प राहिली. मग सू सू म्हणाली, "जेवढे आले तेवढेच राहू देत."

तिनं उठून प्रिंट भिंतीपाशी नेला. तिथं बुद्धाच्या मूर्तीची उंच फळी होती आणि तिच्या खाली एक बुटकी फळी, घरातल्या गेलेल्या माणसांची. आजोबा, आजी, सू सूची आई, असे तीन फोटो. प्रत्येकासमोर पाण्याची वाटी. सू सूनं चौथी जागा केली. प्रिंट उभा टेकवला, ताजी वाटी भरून ठेवली, अंगणातून पांढरी फुलं आणून वाहिली आणि गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. मिन थूही टेकला.

फळीवरून चॉ मोचा अर्धा चेहरा बघत होता. त्याच्यापुढे, त्याला झाकत, अण्णा उभे होते, वाकलेले, छातीशी कॅमेरा धरून. फुलं दोघांच्या मध्ये पडली होती.

अण्णा चटईवरून उठायचा प्रयत्न करत होते. रेवतीनं त्यांना दंडाला धरून उभं केलं. त्यांची नजर फळीवरून हलत नव्हती.

"रेवू," ते कुजबुजले. "त्यांना सांग गं, मी अजून जिवंत आहे."

मधे ठेवलेली डबी चालूच होती. तिनं ते शब्द उचलले आणि आपल्या मऊ, निर्विकार आवाजात बर्मीत सांगून टाकले.

मिन थूनं जमिनीवरून डोकं उचललं. मागे वळून त्यानं अण्णांकडे बघितलं, थेट डोळ्यांत, आणि दोन शब्द बोलला.

"माहीत आहे," डबी म्हणाली.